एका विद्यार्थ्यासाठी भरलेला फळा

कोलंबिया विद्यापीठातील जपानी अभ्यासाची आणि त्सुनोदा सेन्सेईंची वाटचाल

आपल्या जपानी वर्गात आलेला नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात जे चार-दोन शब्द घरी घेऊन जातो, त्यांत 'सेन्सेई' असतोच. दोन कांजींचा, म्हणजे चित्राक्षरांचा, हा शब्द. पहिल्या कांजीचा अर्थ 'आधी', दुसरीचा 'जन्म'. आपल्या आधी जन्मला तो सेन्सेई. जपानी माणूस शिक्षकांना सेन्सेई म्हणतो, डॉक्टरांना आणि वकिलांनाही म्हणतो. बहुधा आडनावाला जोडून म्हणतो, म्हणजे कुणाबद्दल बोलणं चाललंय ते कळतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मात्र अनेक वर्षं आडनाव लावायची गरज पडत नसे. नुसतं 'सेन्सेई' म्हटलं की ते ऱ्यूसाकू त्सुनोदा, हे सगळ्यांना ठाऊक असे.

या स्मरणिकेत आपल्या वर्गाचा इतिहास आहेच. त्याच्या शेजारी सातासमुद्रापलीकडच्या एका संस्थेचा इतिहास छापावा, असा आग्रह मी धरला, त्याला कारण आहे. आपल्याकडे एन-५च्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या पातळीच्या तुकडीला खुर्च्या कमी पडतात आणि सगळ्यांत वरची एन-१ येईपर्यंत वर्गात तिघं-चौघंच उरतात. मग दर वर्षी बैठकीत तोच विषय निघतो: एवढ्याशा मुलांसाठी वर्ग चालवायचा का? हाच प्रश्न १९४१ साली कोलंबियात निघाला होता, आणि तो काढला होता खुद्द विद्यार्थ्यानेच. त्याला जे उत्तर मिळालं त्यातून पुढे काय काय उभं राहिलं, ते आपल्या मुलांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

एका नोकराच्या बचतीतून

कोलंबिया हे नाव मराठी घरांत पोचलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. १९१३ ते १९१६ या काळात ते तिथे शिकले आणि प्राध्यापक जॉन ड्यूई यांच्या विचारांचा ठसा त्यांनी आयुष्यभर जपला. त्या काळात कोलंबियात जपानी भाषेचं काहीच नव्हतं. पूर्व आशियाच्या अभ्यासाचं जे बीज पडलं होतं ते चिनी भाषेचं, आणि त्याची हकिगत विलक्षण आहे.

होरेस कार्पेंटिअर नावाचे कोलंबियाचे एक धनाढ्य माजी विद्यार्थी होते. त्यांच्या घरी डीन लुंग नावाचा चिनी नोकर होता. १९०१ साली या डीन लुंगने आपल्या साठवणीतले १२,००० डॉलर विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे पाठवले आणि हे पैसे चिनी विद्येच्या अभ्यासासाठी वापरा, असं लिहिलं. कार्पेंटिअर यांनी त्यात स्वतःची मोठी भर घातली. त्यातून डीन लुंग याच्या नावाचं प्राध्यापकपद निर्माण झालं, ते आजही आहे. पुढे चीनच्या राजदरबाराकडून पाच हजारांहून अधिक खंडांचा एक प्रचंड ज्ञानकोश भेट म्हणून आला. चिनी ग्रंथसंग्रह असा सुरू झाला.

म्हणजे या संस्थेचा पहिला दगड बसवला तो दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या एका माणसाने. आपल्या देशाची विद्या परक्या मुलखात शिकवली जावी, एवढीच त्याची इच्छा होती. जपानीच्या बाबतीत तीच इच्छा मनात धरून एक माणूस यायचा होता.

गुन्मातून होनोलुलू, होनोलुलूहून न्यूयॉर्क

ऱ्यूसाकू त्सुनोदा यांचा जन्म १८७७ सालचा, गुन्मा प्रांतातल्या एका खेड्यातला. मेइजी राजवटीचं ते दहावं वर्ष. जपानने बंद दारं उघडून अजून पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. जुनं चिनी-जपानी वाङ्मय आणि नवी युरोपीय विद्या अशी दोन्ही पाणी त्या पिढीच्या अंगात मुरली. त्सुनोदा टोकियो सेनमोन गाक्को या महाविद्यालयात शिकले. तेच पुढे वासेदा विद्यापीठ झालं. शेक्सपिअरचे भाषांतरकार आणि जपानी कादंबरीचे मीमांसक त्सुबोउची शोयो तिथे शिकवत असत. १८९६ साली पदवी घेतली आणि दुसऱ्याच वर्षी, विशीत असताना, त्सुनोदांनी सतराव्या शतकातले कथाकार इहारा साइकाकु यांच्यावर पुस्तक लिहिलं. इंग्रजीतून समाजशास्त्राचं भाषांतरही केलं. त्यानंतर शाळांतून शिकवलं.

१९०९ साली ते हवाईला गेले. उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या जपानी कुटुंबांची मुलं तिथे मोठी होत होती. होनोलुलूतल्या होंगान्जी या बौद्ध संप्रदायाच्या शाळेचं काम त्सुनोदांनी सांभाळलं. आपल्या भाषेपासून दुरावत चाललेल्या मुलांना भाषा कशी द्यायची, याचे धडे त्यांनी तिथेच गिरवले असणार.

१९१७ साली, म्हणजे बाबासाहेब कोलंबियातून लंडनला गेले त्याच्या पुढच्या वर्षी, त्सुनोदा न्यूयॉर्कला आले. जॉन ड्यूई यांच्या विचारांची ओढ त्यांनाही होती. वय चाळीस. या वयात माणूस बस्तान बसवून निवांत होऊ पाहतो. त्सुनोदांनी पुन्हा विद्यार्थ्याची वही हातात घेतली. न्यूयॉर्कमधल्या जपानी रहिवाशांच्या मंडळाचं कामही ते करत. त्या धावपळीत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत गेली. अमेरिकेत जपानी रेशीम ठाऊक होतं, चिनीमाती ठाऊक होती, रंगीत चित्रं ठाऊक होती. ही माणसं काय विचार करतात, हजार वर्षं काय लिहीत आली आहेत, हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं.

वाचकांच्या आधी पुस्तकं

१९२६ साली त्सुनोदांनी न्यूयॉर्कमध्ये जपानी संस्कृतीचं केंद्र उभारण्याची योजना मांडली. तो काळ ध्यानात घेतला तर या योजनेचं धाडस कळतं. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल दिला होता. १९२४च्या कायद्याने जपानी स्थलांतराचा दरवाजाच बंद केला होता. दार असं तोंडावर आपटलं गेल्यावर त्याच घरात आपली पुस्तकं नेऊन ठेवायची, हे सुचायलाही मोठं मन लागतं.

दुसरीकडे जपानची अवस्थाही नाजूक होती. १९२३च्या कांतो भूकंपानंतर लागलेल्या आगीत टोकियो विद्यापीठाच्या ग्रंथालयातली लाखो पुस्तकं जळून गेली होती. ज्या देशाने नुकतीच आपली पुस्तकं राख होताना पाहिली, त्या देशात जाऊन त्सुनोदांनी परदेशासाठी पुस्तकं मागितली. आणि लोकांनी दिली. मित्सुबिशी उद्योगसमूहाचे प्रमुख इवासाकी कोयाता पाठीशी उभे राहिले, राजघराण्याच्या खात्याकडूनही ग्रंथ मिळाले. हा संग्रह कोलंबियात आला आणि त्सुनोदा त्याचे पहिले ग्रंथपाल झाले. त्याबरोबर शिकवणंही सुरू झालं.

वाचक नव्हते. जपानी लिपी वाचता येईल अशी माणसं विद्यापीठात बोटांवर मोजण्याइतकी. कपाटं मात्र लागली, नोंदी झाल्या, पुस्तकं जागच्या जागी उभी राहिली. ग्रंथालयाचं काम केलेल्या माणसाला यातलं मर्म कळेल. पुस्तक मागायला कुणी येईल की नाही हे माहीत नसताना त्याचं कार्ड नीट लिहून ठेवणं, ही एक प्रकारची शेतीच आहे. पाऊस येईल म्हणून नांगरून ठेवायचं. त्सुनोदांनी दहा वर्षं अशी नांगरणी केली.

१९४१ सालचा वर्ग

डोनाल्ड कीन हा ब्रुकलिनचा मुलगा. जन्म १९२२चा. शाळेत वरच्या इयत्तांत उड्या घेत वयाच्या सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून कोलंबियात आला. एका चिनी सहाध्यायाकडून त्याला चित्रलिपीची गोडी लागली. १९४०च्या सुमारास टाइम्स स्क्वेअरमध्ये उरलीसुरली पुस्तकं स्वस्तात विकणाऱ्या एका दुकानात त्याला 'गेंजी मोनोगातारी'चं आर्थर वेली यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर दिसलं. दोन खंड, किंमत ४९ सेंट. एवढ्या जाडजूड पुस्तकाला इतके कमी पैसे पडतात म्हणून त्याने ते घेतलं. युरोपात युद्ध पेटलं होतं, रोजचं वर्तमानपत्र उघडवत नव्हतं. अकराव्या शतकात एका जपानी बाईने लिहिलेल्या त्या कादंबरीत त्याला शस्त्रांचा खणखणाट नसलेलं एक जग सापडलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याने जपानीचे प्राथमिक धडे घेतले आणि १९४१च्या शरद सत्रात 'जपानी विचारांचा इतिहास' या विषयाला नाव घातलं. शिकवणार होते त्सुनोदा.

पहिल्या दिवशी वर्गात तो एकटाच होता.

अमेरिका आणि जपान यांचे संबंध तुटायला आले होते. जपानी विचारांचा इतिहास शिकावा असं त्या मोसमात दुसऱ्या कुणाला वाटलं नव्हतं. कीनला फार ओशाळल्यासारखं झालं. आपल्या एकट्यापायी या वयस्कर गृहस्थांचा एवढा वेळ जाणार. त्यापेक्षा नाव काढून घेतो, असं तो म्हणाला. त्सुनोदांनी सांगितलं की एक विद्यार्थी पुरे आहे.

कीन यांनी पुढे आपल्या आठवणींत या वर्गाचं जे वर्णन केलं आहे ते शिकवणाऱ्या प्रत्येकाने जपून ठेवावं असं आहे. कीन वर्गात शिरत तेव्हा फळा आधीच भरलेला असे. त्या दिवशी ज्या विचारवंताबद्दल बोलायचं त्याची वचनं, बहुतेक अभिजात चिनी वळणाच्या लेखनातली, त्सुनोदांनी तास सुरू होण्याआधी येऊन खडूने लिहून ठेवलेली असत. टेबलावर पुस्तकांची चळत. आपल्याला उत्तर येणार नाही असा एखादा प्रश्न या मुलाने विचारलाच तर तिथल्या तिथे पाहता यावं म्हणून ती ओझं वाहून आणलेली. कीन तेव्हा जेमतेम शिकाऊ; फळ्यावरचं बरंचसं त्यांना कळत नसे. तरी ते सगळं वहीत उतरवून घेत.

हे दृश्य डोळ्यांपुढे आणलं की मला दर वेळी गलबलून येतं. चौसष्ट वर्षांचे शिक्षक, एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, आणि न कळणाऱ्या अक्षरांनी काठोकाठ भरलेला फळा. तयारीत काटकसर नाही. समोर पन्नास मुलं असती तर जेवढं लिहिलं असतं, तेवढंच एकासाठी लिहिलं.

शिकवण्यात त्यांचा एक कल होता. दरबाराच्या किंवा गुरुपरंपरेच्या छत्राखाली न राहता स्वतःच्या बुद्धीने चाललेले विचारवंत त्यांना जास्त जवळचे वाटत. अठराव्या शतकातले मिउरा बाइएन घ्या. सृष्टीचे नियम ग्रंथांत शोधण्याऐवजी सृष्टीतच शोधावेत असं मानणारा हा माणूस. किंवा होंदा तोशिआकि, ज्यांनी देश बंद असताना जहाजं बांधा, व्यापार करा, युरोपकडे पाहा असा विचार मांडला. आजचे पुष्कळ जपानी लोकही या नावांशी फारसे परिचित नसतात. त्सुनोदांनी ती न्यूयॉर्कमधल्या एका मुलाच्या वहीत पोचवली. त्यातल्या होंदा तोशिआकि यांच्यावर कीन यांनी पुढे जे काम केलं, त्यातून १९५२ साली 'द जॅपनीज डिस्कव्हरी ऑफ युरोप' हे पुस्तक आलं.

ज्या सोमवारी सेन्सेई आले नाहीत

७ डिसेंबर १९४१, रविवार. पर्ल हार्बरवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी कीन नेहमीप्रमाणे वर्गात गेले. सेन्सेई आले नाहीत. त्यांना ताब्यात घेण्यात आलं होतं.

'शत्रुराष्ट्राचा नागरिक' हा त्यांच्यावरचा शिक्का. बत्तीस वर्षं ते अमेरिकेच्या भूमीवर राहत होते. नागरिकत्व घ्यायचं म्हटलं असतं तरी कायद्याने ते त्यांना मिळालं नसतं, आणि आता नागरिक नाहीत म्हणून ते संशयित ठरले होते. पुढे त्यांची सुनावणी झाली. कीन यांनी लिहून ठेवलंय की त्यांच्याविरुद्धच्या आरोपांत एक असा होता: हे गृहस्थ कुत्रा बरोबर न घेता लांब लांब फिरायला जातात. कुत्रा नाही त्या अर्थी फिरण्याचा हेतू वेगळा असणार, हा तर्क. विचार करत पायी भटकणं ही त्यांची सवय होती, एवढंच. न्यायाधीशांना माणसाची पारख होती. त्यांनी त्सुनोदांना सोडून दिलं.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरं-दुकानं टाकून छावण्यांत जावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये तशी सरसकट हकालपट्टी झाली नाही. त्सुनोदा कोलंबियात परतले आणि युद्धाची सगळी वर्षं त्यांनी शिकवलं. मायदेश आणि कर्मभूमी एकमेकांशी लढत असताना त्या माणसाने रोज वर्गात उभं राहून प्राचीन जपानी काव्य आणि बौद्ध विचार समजावून सांगितला. यासाठी लागणारं धैर्य रणांगणावरच्या धैर्याहून कमी प्रतीचं नाही.

कीन नौदलाच्या जपानी भाषाशाळेत दाखल झाले. अकरा महिन्यांचा कडक अभ्यासक्रम पुरा करून ते हवाईला गेले. मेलेल्या जपानी सैनिकांच्या रोजनिश्या वाचून गुप्तवार्ता काढणं हे त्यांचं तिथलं काम होतं. कित्येक वह्यांवर रक्ताचे डाग असत. काहींच्या शेवटच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेलं असे की ही वही ज्या अमेरिकनाला सापडेल त्याने ती युद्धानंतर माझ्या घरी पोचवावी. कीन यांनी अशा काही वह्या परत करता याव्यात म्हणून लपवून ठेवल्या होत्या, पण त्या त्यांच्याकडून काढून घेण्यात आल्या. शत्रूच्या हस्ताक्षरात माणूस वाचण्याची ही नजर वर्गातल्या त्या भरलेल्या फळ्यापासूनच तयार होत आली होती, असं मी मानतो.

पुन्हा भरलेला वर्ग

१९४६ साली कीन कोलंबियात परतले. या वेळी ते एकटे नव्हते. सैन्यात जपानी शिकलेले तरुण सरकारी शिष्यवृत्तीवर विद्यापीठात येत होते. त्यांना लष्करी संदेश वाचता येत होते, आता साहित्य वाचायचं होतं. जॉर्ज सॅन्सम यांच्यासारखे जपानच्या इतिहासाचे मोठे अभ्यासकही याच काळात कोलंबियात आले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९४९ साली पूर्व आशियाविषयीची स्वतंत्र संशोधन संस्था सुरू झाली.

त्सुनोदा सत्तरीत आले होते. मुलांनी हेइआन काळाचं साहित्य मागितलं, कुणी बौद्ध वाङ्मय मागितलं, कुणाला साइकाकुंचा गेन्रोकु काळ हवा होता. सेन्सेईंनी सगळ्यांना होकार दिला. एकेका विषयाला किती तयारी लागते हे शिकवणाऱ्यालाच कळतं. त्यांनी ते विषय एकाच वेळी शिकवले. पंधरा वर्षांपूर्वी लावून ठेवलेल्या कपाटांतली पुस्तकं आता भराभर बाहेर निघू लागली. नांगरलेल्या जमिनीवर पाऊस पडला होता.

या पिढीत आणखी एक विद्यार्थी होता, विल्यम थिओडोर डी बॅरी. १९४१चा कोलंबियाचा पदवीधर, युद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात. चीन, जपान आणि भारत यांचे मूळ ग्रंथ पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेच पाहिजेत, ही त्यांची तळमळ होती. पण वाचायला द्यायचं काय? भाषांतरंच नव्हती. त्सुनोदांकडे मात्र वर्षानुवर्षांची टिपणं होती: फळ्यावर लिहिलेले उतारे, त्यांची भाषांतरं, त्यांवरची विवेचनं.

सेन्सेईंना छापण्याची घाई कधीच नव्हती. चिनी राजघराण्यांच्या बखरींत जपानचे जे जुने उल्लेख आहेत त्यांचं त्यांनी केलेलं भाषांतर १९५१ साली आलं, त्याखेरीज इंग्रजीत त्यांच्या नावावर फारसं काही नव्हतं. आता डी बॅरी आणि कीन यांनी त्या टिपणांना हात घातला. १९५८ साली 'सोर्सेस ऑफ जॅपनीज ट्रॅडिशन' हा ग्रंथ कोलंबिया विद्यापीठाने प्रकाशित केला. मुखपृष्ठावर तिघांची नावं, पहिलं त्सुनोदांचं. चिनी बखरींतल्या जपानच्या पहिल्या वर्णनापासून सुरुवात. मग राजपुत्र शोतोकु यांची सतरा कलमं, कूकाइ आणि साइचो, होनेन आणि शिन्रान, झेन, नो नाट्याचे आचार्य झेआमि, तोकुगावा काळातले कन्फ्यूशियसचे अनुयायी, मोतोओरि नोरिनागा आणि पुढे फुकुझावा युकिचि. एकेकाच्या लेखनातला निवडक भाग आणि त्याआधी थोडक्यात ओळख. जपानी विचारांचा इतिहास शिकवणाऱ्या इंग्रजी जगातल्या कितीतरी वर्गांचा हा पाया झाला. एकविसाव्या शतकात त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती दोन भागांत निघाली.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं. त्याच वर्षी, १९५८ साली, डी बॅरी यांच्याच संपादनाखाली याच मालिकेत भारताविषयीचा ग्रंथ आला. त्यात न्यायमूर्ती रानडे आहेत, गोखले आहेत, लोकमान्य टिळक आहेत. अमेरिकेतला विद्यार्थी टिळक आणि शिन्रान यांना एकाच मालिकेत, एकाच पद्धतीने, त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून वाचू लागला. 'कुणाबद्दल ऐकण्यापेक्षा त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐका' ही पद्धत त्सुनोदांच्या फळ्यावरची होती.

शेवटचा प्रवास

त्सुनोदांचा विद्यापीठातला हुद्दा व्याख्यात्याचा आणि ग्रंथपालाचा. निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही विद्यार्थ्यांनी त्यांना सोडलं नाही, त्यांनीही वर्ग सोडला नाही. १९६२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. बरोबर दहा वर्षांपूर्वी, १९५२ साली, त्याच विद्यापीठाने बाबासाहेबांना असाच सन्मान दिला होता. एकजण अमेरिकेतून विद्या घेऊन मायदेशी गेला, दुसरा मायदेशातून विद्या घेऊन अमेरिकेत राहिला. विद्यापीठाने दोघांचंही ऋण मानलं.

१९६४ साली सेन्सेई जपानला जायला निघाले. वाटेत होनोलुलूमध्ये प्रकृती बिघडली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस तिथेच त्यांनी देह ठेवला. वय सत्त्याऐंशी. पंचावन्न वर्षांपूर्वी याच बेटावर त्यांनी परदेशातला पहिला वर्ग घेतला होता. जपान आणि अमेरिका यांच्या मधोमध, समुद्रात, त्यांचा प्रवास संपला.

मागे काय उरलं

ग्रंथसंग्रह वाढत गेला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो केंट हॉलमधल्या जुन्या विधी ग्रंथालयाच्या प्रशस्त दालनात आला. तिथल्या खिडकीत न्यायदेवतेची मोठी रंगीत काच आहे. तिच्यातून येणाऱ्या उजेडात आज चिनी, जपानी, कोरियन पुस्तकं वाचली जातात. १९८३ साली त्याचं नाव सी. व्ही. स्टार पूर्व आशियाई ग्रंथालय झालं. आज तिथे दहा लाखांहून अधिक ग्रंथ आहेत. त्यातल्या जपानी विभागाची पहिली रांग त्सुनोदांनी लावलेली आहे.

१९८६ साली कोलंबियात जपानी संस्कृतीचं केंद्र स्थापन झालं. सेन्सेईंनी १९२६ साली जे मागितलं होतं, ते साठ वर्षांनी त्या नावानिशी उभं राहिलं. नाव मात्र दिलं गेलं विद्यार्थ्याचं: डोनाल्ड कीन केंद्र. गुरूला याहून मोठा आनंद कोणता असेल?

कीन १९५५पासून कोलंबियात शिकवत होते. त्यांनी जपानी साहित्याचे निवडक संग्रह काढले, चिकामात्सुंची नाटकं आणि दाझाइंच्या कादंबऱ्या भाषांतरित केल्या, जपानी साहित्याचा कित्येक हजार पानांचा इतिहास लिहिला. १९९०च्या दशकात शिबा ऱ्योतारो या थोर जपानी लेखकाने न्यूयॉर्कच्या प्रवासावर लिहिताना त्सुनोदांची पानंच्या पानं आठवण काढली, तेव्हा कुठे जपानमधल्या सामान्य वाचकाला हा माणूस नीट कळला. कीन यांनी आपला शेवटचा तास घेतला एप्रिल २०११मध्ये, नो नाट्यावर. तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्याआधीच्या महिन्यात जपानमध्ये महाभूकंप आणि त्सुनामी झाली होती आणि परदेशी माणसं देश सोडून जात होती. कीन उलट दिशेने निघाले. २०१२ साली त्यांनी जपानचं नागरिकत्व घेतलं आणि २०१९ साली टोकियोतच त्यांचं निधन झालं. ज्या सेन्सेईंना अमेरिकेने तारुण्यात नागरिक करून घेतलं नव्हतं, त्यांच्या विद्यार्थ्याने सेन्सेईंचा देश आपला मानला.

एका संस्थेचा हा शंभर वर्षांचा हिशेब. इमारती, निधी, ग्रंथ, प्राध्यापकपदं हे सगळं त्यात आहे आणि ते महत्त्वाचं आहे. डीन लुंगचे १२,००० डॉलर नसते, इवासाकींची मदत नसती, तर कपाटंच लागली नसती. पण कपाटातलं पुस्तक वाचकापर्यंत पोचलं ते १९४१च्या शरद ऋतूत, जेव्हा एक शिक्षक तासाच्या आधी येऊन फळा भरून गेले.

तेव्हा यंदाच्या बैठकीसाठी माझं म्हणणं आताच लिहून ठेवतो. एन-१ची तुकडी सुरू ठेवावी. तीन मुलं आली तर तिघांसाठी, आणि एखाद्या वर्षी एकच आली तर तिच्यासाठी. शिकवणाऱ्याने मात्र त्या दिवशी अर्धा तास आधी यावं, खडू घ्यावा आणि मुलगी दारात पोचण्याआधी फळा भरून ठेवावा.